मिस्त्रींचं ‘बरं’

काहीही सांगा, मिस्त्री आधी कानामागची पेन्सिल काढायचे, तिच्या टोकाकडे बघायचे, पुन्हा ती कानामागे खोचायचे आणि म्हणायचे, “बरं.”

“मिस्त्री, भिंत दोन इंच आत घ्या.” “बरं.” “उद्या जरा लवकर या.” “बरं.” “चहा घेणार?” याला मात्र ते “व्हय” म्हणायचे आणि असतील तिथे उकिडवे बसायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं सोलापुरातच आहेत, एक नातू तर म्हणे इंजिनियर झालाय. मी जे सांगणार आहे त्यात आजोबांचं नाव आलेलं त्याला आवडायचं नाही. शिवाय नावाची गरजही नाही. आमच्या भागात गवंडी पुष्कळ होते, पण नुसतं ‘मिस्त्री’ म्हटलं की हेच.

मी त्या वेळी एका सरकारी कचेरीत आरेखक होतो. दिवसभर पूल आणि मोऱ्या काढायच्या आणि संध्याकाळी घरी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांचे नकाशे. म्युनिसिपालटीचे बांधकामाचे नियम मला तोंडपाठ होते. खिडकी केवढी, न्हाणी केवढी, जिना किती रुंद, झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. लोक मला मागून ‘नियमबुवा’ म्हणायचे. ते माझ्या कानावर येत होतं, आणि खरं सांगायचं तर मला आवडतही होतं.

मी नकाशा काढायचा आणि मिस्त्रींनी घर उभं करायचं अशी आमची जोडी पाच-सहा वर्षं चालली. मिस्त्री मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, कामावर मराठी, आणि मोजताना पुन्हा ओंदु, एरडु, मूरु. माणूस ठेंगणा, काळासावळा, डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर आणि वर पांढराशुभ्र सदरा. तो सदरा कामावर आल्या आल्या खुंटीवर जायचा आणि संध्याकाळी तसाच पांढरा अंगावर यायचा. ओळंबा सोडला की दोरी थांबेपर्यंत ते श्वास रोखून धरायचे, आणि आजूबाजूच्यांनाही बोलू द्यायचे नाहीत. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. “टेप उनात वाढतो साहेब. हात वाढत न्हाय,” म्हणून वितीने मोजायचे. एकदा मी चिडून त्यांची वीतच टेपने मोजली. बरोबर नऊ इंच भरली. मग दिवसभर ते कामावरच्या बायकांना पंजा पसरून दाखवत फिरत होते.

त्यांच्या एका गोष्टीची मला फार दिवस गंमत वाटायची. आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने स्वयंपाकघराचा ओटा दक्षिणेच्या भिंतीला घालायला सांगितला. मिस्त्री “बरं” म्हणाले. दुकानदार चार दिवस परगावी जाऊन आला तर ओटा पूर्वेच्या भिंतीला. त्याने आकाशपाताळ एक केलं. मिस्त्री सगळं ऐकून घेऊन पुन्हा “बरं” म्हणाले आणि बाहेरच्या पायऱ्यांच्या कामाला लागले. चूल पेटली तेव्हा धूर सरळ खिडकीतून बाहेर गेला, दुकानदाराच्या बायकोने मिस्त्रींना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, आणि दुकानदार गप्प बसला. हा किस्सा मी कचेरीत रंगवून रंगवून सांगत असे. त्यातून मी काही शिकायला हवं होतं, पण दुसऱ्याच्या घरी घडलेल्या गोष्टीचं माणूस हसंच करतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कधीच वाद न घालणारा. अशा माणसापासून जरा जपून राहा.

शुक्रवार पेठेतलं आमचं घर मी एका सुताच्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. घराखाली त्याने सुताच्या गाठी ठेवायला एक तळघर खोदून ठेवलं होतं. फरशी नाही, गिलावा नाही, उतरायला लाकडी शिडी. आम्ही त्यात मोडक्या खुर्च्या टाकत होतो. पण माझे वडील, आण्णा, त्यांना सोलापूरचा उन्हाळा सोसेनासा झाला. गिरणीत जॉबर म्हणून उभं आयुष्य गेलेला माणूस, गरमीची त्यांना सवय होती. पण काचबिंदूने डोळे गेले आणि सगळंच अंगावर यायला लागलं. दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन ते ओटीवर बसून राहायचे. गिरणीचा भोंगा झाला की “तीन वाजले,” एवढंच बोलायचे. तळघर थंडगार होतं. ते राहण्याजोगं करायचं आणि आण्णांना दुपारी खाली झोपता यावं, असं मी ठरवलं.

आता तळघर माणसांनी वापरायचं तर म्युनिसिपालटीची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी शिडी चालत नाही, पक्का जिना लागतो. पायरी साडेसात इंचांपेक्षा उंच नको. पाय ठेवायला दहा इंच जागा हवी. डोक्यावर सात फूट मोकळे हवेत, एका बाजूला कठडा हवा, भिंतीला झरोके हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. बाकीचे नियम मी नियम म्हणून पाळत होतो. हा शेवटचा मात्र मला आण्णांसाठीच केल्यासारखा वाटला. दिसत नसलेल्या माणसाचा पाय आधीच्या पायरीवरून पुढची पायरी ओळखतो. एक जरी कमीजास्त झाली तरी तो गेला.

वरच्या फरशीपासून खालच्या फरशीपर्यंत उंची भरली आठ फूट नऊ इंच. म्हणजे एकशे पाच इंच. साडेसातची एक पायरी, अशा बरोबर चौदा. मी नकाशा काढला, मंजूर करून आणला, सिमेंटचं परमिट मिळवलं आणि मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. मग बोट ठेवत मोजायला लागले. या वेळी ओंदु-एरडु नव्हतं. “लाभ, हानी, लाभ, हानी…” शेवटचं पाऊल तळघराच्या फरशीवर पडलं ते हानीत.

“साहेब, चौदा?”

“चौदा.”

“सम हाय की वो. हानीत उतरतंय माणूस.”

मी हसलो. म्हटलं, “मिस्त्री, म्युनिसिपालटीच्या नियमात लाभ-हानी नाही.”

त्यांनी पेन्सिल काढली आणि तळघराच्या उघड्या भिंतीवर माझ्यासमोर पंधरा पायऱ्या काढून दाखवल्या. “सात-सात इंचाच्या पंधरा. सारख्याच बसत्यात. खाली दहा इंच जागा जाईल, येवढंच.” हिशेब चोख होता. साताने पंधरा, एकशे पाच. नियमातही बसत होतं. पण नकाशा मंजूर झालेला होता, बदलायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. आणि त्याहून खरं कारण हे की माझ्या नकाशात एका मिस्त्रीने लाभ-हानीपायी दुरुस्ती सुचवावी, हे मला सहन झालं नाही.

मिस्त्रींनी मग एक गोष्ट सांगितली. तरुणपणी अक्कलकोटकडे त्यांनी एका घराला बारा पायऱ्या घातल्या होत्या. त्यांचं मन नव्हतं, पण तिथल्या साहेबाने दटावलं. “मालक लई चांगला माणूस. मला जेवायला संगं बसवायचा. वरीस भरलं न्हाय साहेब, त्याच पायऱ्यांवरनं त्याला उतरवला.” सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पेन्सिलीकडे बघत होते.

“माणसं मरतात मिस्त्री. पायऱ्या मोजून मरत नाहीत,” मी म्हणालो. “चौदा म्हणजे चौदा. काय?”

पेन्सिल कानामागे गेली. “बरं.”

ते वर्ष दुष्काळाचं. गावात प्यायला पाणी नाही तिथे बांधकामाला कुठून आणायचं? मिस्त्रींनी युक्ती काढली. आण्णांना न्हाणीत मोठ्या घमेल्यात उभं करून आंघोळ घालायची आणि ते पाणी धरून पायऱ्यांवर मारायचं. सकाळी येऊन पहिलं विचारायचे, “आण्णा, झाली का अंगुळ? पायऱ्या तान्हेल्या हायत.” आण्णा हसून म्हणायचे, “अरे, माझ्या अंगाचा मळ खाऊन तुझा जिना पक्का होणार म्हण की!” आण्णांना इतकं हसताना आम्ही पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं.

आणि आण्णांना तो जिना शिकवला मिस्त्रींनीच. एकेक पायरी पक्की होईल तसे ते आण्णांचा हात धरून तेवढ्यापुरते खाली न्यायचे. “भिताय कशाला? सगळ्या सारख्या हायत. डोळ्याचं हितं कामच न्हाय.” शेवटच्या आठवड्यात आण्णा भिंतीला हात लावून एकटे उतरायला लागले. पुटपुटत मोजायचे, चौदाला थांबायचे आणि काठी फरशीवर आपटून वर बसलेल्या माझ्या बायकोला ओरडून सांगायचे, “निर्मला, पोचलो गं!” मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ऐकायचे. चौदा ऐकलं की त्यांचा चेहरा जरा आखडायचा. ते मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर तपासणीला आले. मी हट्टाने त्यांना सगळ्या पायऱ्या मोजायला लावल्या. चौदाच्या चौदा साडेसात इंच, एक सूतही इकडेतिकडे नाही. “पुस्तकात छापायला हवा असा जिना,” ते म्हणाले आणि मला वापराचा दाखला मिळाला. मिस्त्री हात मागे बांधून कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी त्या माणसाइतका जवळचा मला दुसरा कुणी वाटत नव्हता, हेही सांगून टाकतो.

पुढच्याच सोमवारी आमच्या कचेरीने मला टेंभुर्णीकडे दुष्काळी कामावर पाठवलं. नालाबांधाची मापं घ्यायची, तिथेच तंबूत राहायचं. वैशाख लागला होता. आण्णा तळघरात निवांत झोपत असतील, या विचारावर मी ते ऊन काढत होतो.

तेराव्या का चौदाव्या दिवशी ट्रकवाल्याबरोबर चिठ्ठी आली. आण्णा जिन्यावरून पडले. खुबा मोडलाय. लगेच या.

मी त्याच ट्रकने निघालो. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं: त्या जिन्यावरून आण्णा पडणं शक्य नाही. चक्कर आली असेल. काठी अडकली असेल. जिन्याचा दोष असूच शकत नव्हता, मी स्वतः उभं राहून मोजून घेतला होता.

दवाखान्यात आण्णांच्या पायाला वजन टांगलेलं होतं. निर्मला रडून रडून थकली होती. मला बघताच म्हणाली, “अहो, ती पायरी घालायला कशाला सांगितलीत? चांगलं चाललं होतं की त्यांचं.”

“कुठली पायरी?”

तिने सांगितलं ते असं. मी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मिस्त्री दुपारी एक जाड फरशी खांद्यावर घेऊन आले. जिन्याच्या पायथ्याशी, शेवटच्या पायरीपुढे ती सिमेंटात बसवली. साडेतीन इंच उंच. निर्मलाने विचारलं तर म्हणाले, “साहेबांनीच निरोप दिलाय वैनी. येक पायरी वाढवायची म्हनून.” आणि बजावून गेले, “दोन दिस कुणी उतरू नका. परवा सकाळी मी येतो आन् आण्णांना हाताला धरून नवी पायरी शिकवतो.”

आण्णांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळपासूनच तापायला लागलं. मिस्त्री यायचे होते, पण आण्णांना धीर निघेना. निर्मलाने खालच्या नव्या पायरीची आठवण केली. “माहितीये गं मला,” म्हणाले आणि उतरायला लागले. डोक्याला माहीत होतं, पण पाय चौदालाच सरावले होते. चौदावं पाऊल त्या फरशीवर टेकलं, पोचलो असं समजून आण्णा पुढे चालले आणि साडेतीन इंचांत कोसळले. मिस्त्री पोचले ते घटकाभर उशिरा. त्यांनीच टांगा आणला, त्यांनीच आण्णांना उचलून घेतलं आणि रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

मी घरी गेलो. खाली उतरलो. ती फरशी बघितली. काम नेहमीसारखं सुंदर होतं, कडा गोल घासलेल्या, सांध्यांच्या दर्जा भरलेल्या. मला ओरडावंसं वाटलं. फरशीचा राग मी एक वेळ गिळला असता. पण “साहेबांनीच निरोप दिलाय.” माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझं नाव सांगून! ज्या नावावर माझ्या घरात कुणी प्रश्न विचारणार नाही हे त्यांना माहीत होतं, तेच त्यांनी वापरलं. पाच-सहा वर्षं ज्याच्या हाताच्या भरवशावर मी लोकांच्या घरांवर सही केली, त्याने मला असं फसवलं.

आठवड्याने सकाळी मिस्त्री दारात आले. हातात छन्नी-हातोडी. अंगात सदरा नव्हता, बंडीवरच आले होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो.

“फरशी काढायला आलोय साहेब.”

“मी तुम्हाला निरोप दिला होता?”

“न्हाय.”

“मग?”

“वैनींनी बसवू दिली नसती.”

“आणि मी तुम्हाला चौदा सांगितलं होतं ते?”

ते खाली बघत होते. “म्युनिसिपालटीचं होऊस्तवर थांबलो की साहेब. तुमाला तरास नको म्हनून. पर आण्णा रोज उतरायचे आन् रोज चौदावा पाय हानीत. माज्या कानात बसलं हुतं ते. मला घास जाईना.”

“आता पडला ना पाय लाभात?” मी म्हणालो.

हे मी बोललो. ते बोलायला नको होतं असं मला नंतर पुष्कळदा वाटलं, आणि बरं झालं बोललो असंही तितक्याच वेळा वाटलं. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघत होती.

“त्या फरशीला हात लावायचा नाही. आणि पुन्हा माझ्या घराची पायरी चढायची नाही.”

मला वाटलं आता पेन्सिल निघेल. पण त्यांनी कानाकडे हात नेला नाही. माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाले, “व्हय.”

छन्नी-हातोडी पिशवीत टाकून ते निघून गेले.

आण्णा घरी आले ते खाटेवरच. खुबा नीट जुळला नाही. तळघर राहिलं खाली आणि आण्णा वर, ओल्या पंच्यासकट. त्या जिन्यावर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मी मात्र येता-जाता मिस्त्रींच्या नावाने बोटं मोडायचो. एके दिवशी आण्णा म्हणाले, “तू त्याला चौदा म्हणालास तेव्हा तो काय म्हणाला होता?”

“बरं म्हणाले होते! तोंडावर बरं म्हणाले आणि मागून हे केलं.”

आण्णा आढ्याकडे तोंड करून हसले. “अरे, बरं म्हणजे होय कुठे असतं त्याचं? बरं म्हणजे ऐकलं. ऐकलं तुमचं, पण मनाला पटलं नाही. गिरणीत माझ्या हाताखाली तिकडची शंभर माणसं होती. साहेबाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बरं म्हणायचं. करायचं असेल तर तो व्हय म्हणतो. व्हय म्हणाला की मग जीव गेला तरी फिरत नाही. अक्कलकोटच्या त्या साहेबाला एकदा व्हय म्हणाला होता बिचारा. ते मला त्यानेच सांगितलंय, पायऱ्यांना पाणी मारता मारता.”

पाच-सहा वर्षं मी त्या माणसाशी रोज बोलत होतो. त्यांचं “बरं” मी होय म्हणून घेत होतो, कारण मला होयच ऐकायची सवय होती. पण म्हणून त्यांनी केलेली फसवणूक खोटी ठरत नाही. शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता हे कबूल. “साहेबांनीच निरोप दिलाय” याला मात्र दुसरा काही अर्थ नव्हता.

दोन वर्षांनी आण्णा गेले. सकाळपासून माणसं जमत होती. मिस्त्री समोरच्या घराच्या भिंतीला टेकून उभे होते, अंगात पांढरा सदरा. सगळे आत येत होते, आण्णांच्या पायांवर डोकं ठेवून बाहेर जात होते. मिस्त्री गल्ली ओलांडून आमच्या पायरीपर्यंत आले, थांबले आणि परत भिंतीपाशी गेले. निर्मला मला म्हणाली, “अहो, त्यांना आत बोलवा.” मी नाही बोलावलं. तिरडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा कुणीतरी बाजूला झालं आणि तिथून स्मशानापर्यंत खांदा मिस्त्रींनी दिला. ठेंगण्या माणसाला उंचीचं जमत नव्हतं, म्हणून खांद्यावर पंच्याची घडी घेतली होती.

ती फरशी तशीच राहिली. दोनदा दुसरे गवंडी बोलावले. एकाने तर छन्नी लावलीही होती. मी दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. लोकांच्या पायऱ्या सुतासुताने मोजणाऱ्या नियमबुवाच्या स्वतःच्या घरात नियमाबाहेरची पायरी, हे कचेरीतही पसरलं होतं. कुणी चेष्टेने विचारलं तर मी विषय बदलायचो. एकदा संध्याकाळी झरोक्यातून उन्हाची तिरीप आली तेव्हा तळघराच्या भिंतीवर, गिलाव्यातून सुटलेल्या एका तुकड्यात, पेन्सिलीने काढलेल्या पायऱ्या दिसल्या. मोजल्या. जेवढ्या दिसत होत्या तेवढ्या सारख्या होत्या, सात-सात इंचाच्या. दहा इंच जागा गेली असती, येवढंच.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारातून येताना एका नव्या घराच्या कामावर मिस्त्री दिसले. ओळंबा सोडून उभे होते. मी दोरी थांबेपर्यंत थांबलो. त्यांनी मला बघितलं आणि रुमाल काढून हातात घेतला. केस पार पांढरे झाले होते.

“कसं काय मिस्त्री?”

“चाललंय साहेब. वैनी बऱ्या हायत?”

“आहेत.”

मी त्यांना माफ केलं होतं असं म्हणणार नाही. राग होता तसाच होता, पण तो धरून धरून मी थकलो होतो. शिवाय ज्या माणसाशी आण्णांबद्दल बोलावं असा तो एकच उरला होता.

“मिस्त्री, ती फरशी अजून तशीच आहे,” मी म्हणालो. “तुमच्याच हाताने काढा. या एकदा घरी. तेव्हा रागात बोललो ते सोडून द्या.”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. तिच्या टोकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती पुन्हा कानामागे खोचली.

“बरं, साहेब.”

घरी आलो. निर्मला तांदूळ निवडत बसली होती. मी पिशवी ठेवली आणि सांगितलं, “मिस्त्री भेटले होते. घरी या म्हटलं.”

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “मग? काय म्हणाले?”

“बरं म्हणाले.”

ती सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. कधी येणार, असं तिने विचारलं नाही.